गाडीचा चातुर्मास



पंचांगात पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला एक वाहन दिलेले असते. कुणी बेडकावर बसून येते, कुणी म्हशीवर, कुणी कोल्ह्यावर, तर कुणी हत्तीवर. म्हैस किंवा बेडूक निघाला की जुनी माणसे समाधानाने मान हलवतात आणि कोल्हा निघाला की गप्प बसतात. या यादीत मोटारसायकल मात्र कुठेच नाही. ज्यांनी ही यादी केली त्यांना मोटारसायकल ठाऊक नव्हती, हे खरेच. पण ठाऊक असती तरी त्यांनी ती घातली नसती, असे मला वाटते. निदान आमच्या खारपाणपट्ट्यापुरती तरी नक्कीच नाही.

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेला हा पट्टा. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांत तो येतो. इथल्या विहिरींना खारे पाणी आणि वावरात पुरुषभर खोल काळी माती. कृषी पदवीधर होऊन मी १९९४ साली या भागात विस्ताराच्या कामाला लागलो, तेव्हापासून माझे आयुष्य दुचाकीच्या बैठकीवर गेले आहे. पहिली गाडी जुनी राजदूत होती, पुढे दोन बदलल्या. या साऱ्या वर्षांत दर जूनमध्ये एक प्रश्न माझ्यापुढे उभा राहतो, आणि आता तुमच्याही घरी दारात गाडी असल्याने तो तुमच्यापुढेही असतो: यंदा गाडी कोणत्या दिवशी थांबवायची?

शहरातल्या माणसाला या प्रश्नाचे हसू येईल. तिकडे डांबरी रस्ता बारा महिने डांबरीच असतो. थंड देशांत बर्फ पडू लागला की लोक मोटारसायकली झाकून ठेवतात आणि उन्हाळा लागला की बाहेर काढतात. आमच्याकडे बर्फ नाही, पण काळी माती आहे. चैत्र-वैशाखात ती लोखंडासारखी कडक असते, आणि पाऊस पडला की तीच लोण्यासारखी होते.

माती असे का वागते

काळ्या मातीत चिकण कणांचे प्रमाण फार, निम्म्याच्या आसपास आणि कधी त्याहूनही अधिक असते. हे कण पाणी प्यायले की फुगतात आणि वाळले की आक्रसतात. उन्हाळ्यात आपल्या वावरात बैलाचा पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात, त्या याच कारणाने. आता नीट लक्ष द्या. पहिला पाऊस पडतो तो या भेगांतून सरळ खाली जातो. वरचा थर दुसऱ्या दिवशी दुपारी कोरडा दिसतो, पांदण पुन्हा चालती होते आणि माणसाला वाटते, एवढ्या पावसाने काही झाले नाही, उद्याच्या पावसानेही काही होणार नाही.

इथेच फसगत होते. दोन-तीन पाऊस झाले की माती फुगते आणि भेगा बुजतात. मग पाणी खाली जायला वाट राहत नाही. ते वरच्या चार-सहा बोटांत थांबते आणि त्याचा गारा होतो. कालपर्यंत जेवढ्या पावसाने काही बिघडत नव्हते, तेवढ्याच पावसाने आज चाक आणि चिखलपंखा यांच्यामध्ये माती भरते आणि चाक फिरायचे थांबते. माणूस खाली उतरतो, काडीने माती उकरतो, दहा पावले जातो आणि पुन्हा उतरतो. ज्याने अशी गाडी ओढली आहे, त्याला तिचे वजन मी सांगायला नको.

नवा होतो तेव्हा एका वृद्ध शेतकऱ्याला मी विचारले होते, "बापू, इकडे गाडी कधीपर्यंत येऊ शकते?" ते तिफणीची दोरी आवळत होते. मान वर न करता म्हणाले, "साहेब, तिफन घालाची का नाई हे तुमी जमिनीले इचाराले सांगता. मंग गाडी घालाची का नाई हे कोनाले इचारता?"

मला त्या एका वाक्यात उत्तर मिळाले. पेरणीसाठी आपण म्हणतो, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय बी टाकू नका, वाफसा पाहा. मृग ७ किंवा ८ जूनला लागला म्हणून कुणी शहाणा माणूस कोरड्यात पेरत नाही. गाडीचेही तसेच. तारीख पाहून गाडी थांबवू नये आणि तारीख पाहून ती चालवूही नये. जमीन सांगेल तसे करावे.

जमिनीला विचारायचे कसे

पहिली खूण भेगांची. पांदणीच्या कडेला धुऱ्यावर एखादी मोठी भेग हेरून ठेवा. ती मिटत आली की समजा, पांदणीतला गाडीचा हंगाम संपला. मग वर ऊन असले तरी गाडी डांबरी रस्त्यावरच ठेवायची.

दुसरी खूण पायाची. पांदणीच्या तोंडाशी उतरून वीस पावले चालून पाहा. चपलेच्या तळाला मातीचा जाड थर धरला आणि पाय जड झाला, तर चाकालाही तेच होणार. ही परीक्षा फुकट आहे आणि दोन मिनिटांत होते.

तिसरी खूण नाल्याची, आणि ही सर्वांत महत्त्वाची. आपल्या पूर्णेला उत्तरेकडून सातपुड्याचे पाणी येते, शहानूर आणि वाणेसारख्या नद्या ते आणतात. दक्षिणेकडून काटेपूर्णा आणि मोर्णा येतात. म्हणजे आपल्या गावात लख्ख ऊन असताना, वर डोंगरात पडलेल्या पावसाने आपल्या रपट्यावर पाणी चढू शकते. जुलै २०२१ मध्ये मोर्णेच्या पुराने अकोला शहरात पाणी शिरले होते. जुलै २०२३ मध्ये जळगाव जामोद आणि संग्रामपूर भागात डोंगरातून उतरलेल्या पाण्याने वावरेच्या वावरे खरवडून नेली. म्हणून रपटा ओलांडायचा तर केवळ डोक्यावरचे आभाळ पाहून भागत नाही. उत्तरेला डोंगराची रेघ काळी झाली आहे का, तेही पाहावे लागते.

वाहत्या पाण्याचा जोर डोळ्यांना कळत नाही. सहा इंच पाणी, म्हणजे घोट्याच्या थोडे वर, पण ते वेगाने वाहत असेल तर उभ्या माणसाचे पाय उचलते. फूटभर पाण्यात लहान मोटार तरंगू लागते. मोटारसायकल तर दोन चाकांवर तोललेली. ती पाण्याला आडवी जाते आणि पाणी तिच्या सबंध अंगावर येते.

चौथी खूण विजेची. मृगाच्या आधीचे आणि सुरुवातीचे पाऊस विजा घेऊन येतात. मोकळ्या काळ्या रानात गाडीवर बसलेला माणूस हा त्या रानातला सर्वांत उंच. रबरी टायर असल्याने वीज लागत नाही ही समजूत साफ खोटी आहे. गडगडाट ऐकू आला की पक्के घर गाठावे, झाडाखाली थांबू नये, आणि शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास तरी निघू नये. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने केलेले 'दामिनी' हे ॲप मोबाईलवर घेऊन ठेवा. आसपास वीज पडण्याचा इशारा ते देते.

ज्याला घरी जायचे होते

खुणा सांगणे सोपे आहे. अडचण वेगळीच असते आणि ती मी एका घटनेने सांगतो.

साल २००६, श्रावण महिना. माझ्या कामाच्या गावांपैकी एका गावातला सव्वीस वर्षांचा शेतकरी. कपाशी चांगली होती, वर्षभराची मुलगी घरात होती. बाजारातून कपाशीचे औषध आणि घरचे किराणा सामान घेऊन तो संध्याकाळी फाट्यावर आला. रपट्यावर पाणी होते, फार नव्हते. त्याच्या थोडे आधी एक ट्रॅक्टर पार गेला होता, तो त्याने पाहिला. फाट्यावरच्या चहावाल्याने "थांब रे भाऊ, उतरू दे पाणी" असे म्हटलेही. त्याने सांगितले, घरी म्हैस दोहायची आहे, बायको एकटी आहे. आणि तो निघाला.

गाडी दुसऱ्या दिवशी खाली बाभळीत अडकलेली सापडली. तो तिसऱ्या दिवशी सापडला.

लोक म्हणाले, घाई केली. मी त्याला चार वर्षे ओळखत होतो. तो उतावळा नव्हता. बियाण्याची उगवण तपासल्याशिवाय पेरायचा नाही, फवारताना तोंडाला फडके बांधायचा. असा सावध माणूस गेला, म्हणून ती गोष्ट माझ्या मनातून जात नाही. मी पुष्कळ विचार केला. त्या संध्याकाळी त्याच्याजवळ घरी जाण्याचे कारण होते आणि ते चांगले कारण होते. थांबायचे मात्र आधी ठरलेले नव्हते. पाण्यापुढे उभे राहून, अंधार पडत असताना, घरची ओढ लागलेली असताना माणसाने एकट्याने ठरवायचे म्हटले तर तो दहातून नऊ वेळा जाण्याचेच ठरवणार. आणि त्यातल्या पुष्कळ वेळा तो पारही पडतो. तेच वाईट आहे. पार पडलेल्या प्रत्येक वेळेने त्याची भीड चेपत जाते.

त्या गावाने पुढे एक साधी गोष्ट केली. रपट्याच्या दोन्ही कडांना दगड रोवले आणि त्यांना चुना फासला. दगडाचा माथा पाण्यावर नीट दिसत असला तरी, रपट्यावरून पाणी वाहते आहे तोवर गाडी घालायची नाही. दगडच बुडाला तर पायीसुद्धा उतरायचे नाही. दरवर्षी रोहिणीत चुना नव्याने फासतात. हे काम गावातल्या बायांनी आपल्याकडे घेतले आहे. आज त्या वाटेवर पूल झाला आहे, तरी पुढच्या नाल्यावरच्या रपट्याला असेच दगड आहेत. याला निधी लागत नाही की मंजुरी लागत नाही.

म्हणून माझे सांगणे असे की, गाडी थांबवण्याचा निर्णय रोहिणीत, कोरड्या जमिनीवर, घरात सर्वांनी बसून करावा. गाडी चालवणाऱ्याने एकट्याने करू नये. गाडीवर बसलेल्याजवळ जाण्याचे कारण नेहमीच असते. घरी वाट पाहणाऱ्याचे म्हणणे त्यात आधीच मिसळलेले असले पाहिजे. "पाणी असले तर मी फाट्यावरच्या गावात मुक्काम करीन, तुम्ही काळजी करायची नाही आणि बोलावणीही पाठवायची नाहीत," एवढे एक वाक्य जूनमध्ये बोलून ठेवले, तर ऑगस्टमधल्या संध्याकाळी माणसाला थांबताना लाज वाटत नाही. म्हैस एक वेळ कोण दोहील, तेही शेजाऱ्याशी तेव्हाच बोलून ठेवावे.

थांबण्याआधीची बेगमी

पावसाळ्याची बेगमी हा आपल्या आया-आजींचा जुना शब्द. गाडी आल्यापासून तो मागे पडला, कारण आज नाही तर उद्या जाऊन आणू असे वाटू लागले. चाकाची कामे भेगा मिटण्याआधी उरकून घ्यावीत. बियाणे घरी आणून, ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून त्याची उगवण पाहून ठेवावी. पेरणीचे खत, जिवाणू खताची पाकिटे, तूर-मुगाची बीजप्रक्रियेची औषधे आणावीत. दळण, मीठ, तेल, म्हाताऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, लेकराच्या तापाचे औषध हे सारे महिनाभराचे तरी घरात असावे.

घरात गरोदर बाई असेल आणि दिवस पावसाळ्यात भरत असतील, तर तिला शेवटचे काही आठवडे पक्क्या रस्त्यावरच्या नातलगाकडे ठेवावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक २०१४ पासून आपल्या राज्यात आहे, पण रुग्णवाहिका पक्क्या रस्त्यापर्यंतच येणार. तिथवर न्यायला कोणाची बंडी, कोणाचा ट्रॅक्टर, हे आधी ठरलेले असावे. अशा वेळी दुचाकीवर दोघांच्या मध्ये आजाऱ्याला बसवून गाऱ्यातून नेण्याचा खटाटोप करू नये.

गाडी उभी करायची ती अशी

ज्यांची घरे पक्क्या रस्त्यावर आहेत त्यांची गाडी चालूच राहील, फक्त पांदणीत जाणार नाही. ज्यांच्या गावाला अजून कच्चीच वाट आहे त्यांनी ती एक तर फाट्यावर ओळखीच्या पडवीत ठेवावी, नाहीतर घरी नीट उभी करावी.

उभी करायची तर आधी धुऊन पुरी वाळवावी. साखळी रॉकेलच्या नव्हे, तर तेलाच्या बोळ्याने पुसून तिला तेल द्यावे. चाकाखाली फळी घालून मधल्या स्टँडवर उभी करावी, म्हणजे जमिनीची ओल टायरला लागत नाही. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आपल्याच उसा-मक्यापासून केलेले. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते, म्हणून टाकी अर्धी न ठेवता भरून ठेवावी. जुन्या गाडीला तोटी असेल तर ती बंद करून इंजिन आपोआप बंद पडेतो चालू द्यावे, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल साचून राहत नाही. बॅटरीची ऋण बाजूची तार सोडवून ठेवावी आणि महिन्यातून एकदा बॅटरी चार्ज करून घ्यावी. सायलेन्सरच्या तोंडात बोळा घालावा, नाहीतर उंदीर घर करतात. मात्र बोळा घातल्याची चिठ्ठी किल्लीला बांधावी. गाडी कपाशीच्या किंवा कडब्याच्या खोलीत कधीही ठेवू नये, आगीचे भय असते. आणि विम्याची मुदत पाहून ठेवावी. गाडी उभी असली तरी मुदत थांबत नाही.

पायी चालण्याचे दिवस

गाडी थांबली की माझे काम अडते का, असे मला तरुण सहकारी विचारतात. पेरणीच्या ऐन दिवसांत गावी पोहोचायला वेळ लागतो, हे खरे. म्हणून मी गावांचे वार ठरवून घेतो. गाडी फाट्यावर, हातात छत्री, पायात गमबूट. निरोप आणि फोटो मोबाईलवर येतात, त्यामुळे निम्मे प्रश्न चालता चालता सुटतात.

आणि चालण्याने दिसतेही अधिक. गाडीवरून वावर हिरवे दिसते, एवढेच. पायी जाताना धुऱ्याशी कपाशीची मिटलेली फुले दिसतात, म्हणजे गुलाबी बोंडअळीची डोमकळी. पेरणीनंतर दीड-दोन महिन्यांनी ती वेचून नष्ट केली तर पुढचे नुकसान कमी होते. पाणी कुठे साचले, कुणाच्या तुरीला मर लागली, कुणी आठ दिवसांत बोललेले नाही, हे सारे पायी चालणाऱ्याला कळते. साधूसंन्यासीसुद्धा चातुर्मासात फिरणे थांबवून एका जागी राहत आले आहेत. चार महिने थांबण्यात कमीपणा असता तर ही रीत इतकी टिकली नसती.

आता गाडी पुन्हा कधी काढायची? हस्ताचा पाऊस ओसरला की तरुणांचे पाय शिवशिवू लागतात. वरची माती पांढुरकी, कोरडी दिसते. पण ती वरून कोरडी आणि आतून ओली असते. चार बोटे उकरून मूठभर माती घ्या, तिचा गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून टाका. गोळा चपटा झाला तर थांबा. फुटून भुगा झाला तर वाफसा आला, हरभऱ्याची तयारी करा आणि गाडीही काढा.

या थांबण्यात एक कारण पांदणीचेही आहे. ओल्या गाऱ्यातून एका दांडग्या पोराने गाडी नेली की चाकोरी पडते. ऑक्टोबरच्या उन्हात ती विटेसारखी भाजून निघते. मग तीत बैलाचा खूर अडकतो, डोक्यावर भारा घेतलेल्या बाईचा पाय मुरगळतो. पांदण कुणा एकाची नसते, आणि तिचे वर्षभराचे रूप जुलैच्या त्या दोन-चार फेऱ्यांत ठरते.

यंदा रोहिणीत एका संध्याकाळी एवढे करा. घरच्यांना बसवा, भेग कुठली पाहायची ते ठरवा, मुक्काम कुणाकडे करायचा ते ठरवा, आणि किल्ली देवघराजवळच्या खिळ्याला अडकवा. ती काढण्याआधी घरातल्या एका तरी माणसाला विचारायचे, असा नेम करा. आणि रपट्याशेजारच्या दगडांना चुना फासायला जाल तेव्हा मुलांना सोबत न्या. ती चुना कशाला फासायचा ते विचारतील. त्यांना नीट सांगा.